नणंद-भावजयीची टोळी

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या त्या बाईंना सगळे वन्सं म्हणत. खरं तर तशी हाक मारायचा हक्क जगात एकाच बाईचा, त्यांच्या भावाच्या बायकोचा. पण वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा नव्या उत्साहात जिन्यातून, गच्चीवरून, खालच्या फाटकापासून इतक्या मोठ्यानं "अहो वन्सं" करायच्या की ते नाव इमारतभर झालं. मग वाणी वन्सं म्हणू लागला, पोस्टमन म्हणू लागला, लाँड्रीचे मालकही म्हणू लागले. चांगले मिशाळ गृहस्थ काउंटरवर कोट टाकून "वन्सं, उद्यापर्यंत होईल ना?" असं विचारत, आणि त्या हिशेबानं आपण कुणाची तरी बायको ठरतो हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

गंमत अशी की ज्या बाईनं हे नाव ठेवलं तिनंच ते टाकून दिलं होतं. वन्संचं आणि वहिनींचं बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती. भांडण कशावरून झालं ते दोघींनाही धड आठवत नव्हतं, पण ते मिटवायचं नाही एवढं पक्कं लक्षात होतं. वन्सं लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, भावाकडेच राहायच्या. घर दोन खोल्यांचं. त्यामुळे अबोला पाळायचा म्हणजे दिवसभर एकमेकींच्या अंगावरून जात पाळायचा. मध्ये होते दादा. वन्संचे थोरले भाऊ, वहिनींचे नवरे, आणि पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ निरोप्ये.

"दादा, वहिनींना सांग, भाजीत मीठ जास्त पडलंय," वन्सं म्हणत. वहिनी समोर हातभर अंतरावर बसलेल्या असत.

"ती म्हणतेय भाजी छान झालीय," दादा बायकोकडे वळून सांगत, "फक्त मीठ किंचित..."

"मी छान म्हटलं नाही," वन्सं म्हणत.

"अहो, त्यांना सांगा, ऐकलं मी," वहिनी म्हणत.

असं हे चाललेलं होतं आणि असंच चाललं असतं, पण वन्संचा खांदा धरला.

उभा जन्म इस्त्री ओढण्यात गेलेला. लाँड्रीतली इस्त्री म्हणजे घरातलं खेळणं नव्हे, लोखंडाचा ठोकळा तो. उजव्या हातानं तो ठोकळा आणि डाव्या हातानं कापड, असं वन्संचं आयुष्य चाललं होतं. एक दिवस सकाळी धुतलेला कोट दांडीवर टांगायला त्यांनी हात वर केला, तर हात कमरेच्या वर येईना. दुसऱ्या हातानं उचलून पाहिला, तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. मालकांनी त्यांना टेबलावरून उठवून कपड्यांना चिठ्ठ्या टाचायला बसवलं. इस्त्रीला नवा गडी आला. तो कॉलरला दोन-दोन घड्या पाडायचा आणि वर शीळ वाजवायचा. वन्संना खांद्यापेक्षा त्या कॉलरी जास्त दुखत.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी भिंतीवर पाल चढते तशी बोटं चढवायला सांगितली. वन्संनी चार दिवस चढवली आणि पाचव्या दिवशी भिंतीला कंटाळल्या. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "घरी टीव्हीला जोडायचा खेळ आहे का? हातवारे करून खेळतात तो? कुठलाही चालेल हो. हात हलल्याशी कारण."

तो खेळ घरात होता. दादांची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा ते पांढरं खोकं कपाटात टाकून गेली होती. आत एकच डिस्क होती. वन्संनी भाचीला फोन लावला.

"आत्या, तो गुंडांचा आहे," भाची म्हणाली. "सिनेमावरून काढलेला. हप्ते वसूल करायचे, मारामाऱ्या करायच्या. तुला नाही आवडायचा."

"हात हलतो का त्यात?"

"हात? आत्या, त्यात हातांशिवाय दुसरं काही नाहीच."

सिनेमाचं नाव ऐकल्यावर दादा खुर्चीतून उठून उभे राहिले. तरुणपणी त्यांनी तो सिनेमा इतक्या वेळा पाहिला होता की थिएटरच्या दारावरचा माणूस त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचा. कपाटातून खोकं त्यांनीच काढलं, वायरी त्यांनीच लावल्या, आणि पडद्यावर धुकं, बंदर, काळ्या गाड्या असं सगळं उमटलं तेव्हा ते खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले. "सिनेमात धुकं जास्त होतं," ते म्हणाले.

खेळ असा होता. टोपी घातलेला एक तरुण कामाच्या शोधात बंदरावर येतो आणि एका म्हाताऱ्या टोळीवाल्याच्या हाताखाली लागतो. त्याला नाव नव्हतं. घरात त्याला टोपीवाला म्हणू लागले. खेळणाऱ्यानं उजव्या हातात लांबट रिमोट धरायचा आणि डाव्या हातात नासपतीच्या आकाराचा दुसरा तुकडा. दोन्हींना जोडणारी हातभर वायर. आपण उजवा हात झटकला की टोपीवाला उजवा ठोसा मारणार, डावा झटकला की डावा. दोन्ही हात पुढे नेऊन मुठी आवळल्या की तो समोरच्याची गचांडी धरणार. पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी होती. समोरचा माणूस घाबरला की ती लाल होत जायची. पुरती लाल झाली की तो हप्ता कबूल करायचा. त्यापुढे ताणलं तर मरायचा.

पहिलं काम फुलवाल्याचं होतं. वन्संचा डावा हात ठीक चालला, पण उजवा कमरेवर येईना. त्यामुळे टोपीवाला फुलवाल्याची डावी कॉलर धरायचा आणि उजव्या हातानं त्याच्या पट्ट्याशी काहीतरी चाळा करत राहायचा. पट्टी लाल व्हायचं नाव घेईना. शेवटी फुलवाल्यानंच कुंडी उचलून टोपीवाल्याच्या डोक्यात घातली.

"फुलवाल्याच्या हातून मरतो?" दादा हळहळले. "सिनेमात तर फुलवाला बोलतसुद्धा नाही."

मग उजवा रिमोट दादांनी घेतला. पण त्यांचा हात फुलवाल्यानं कुंडी घातल्यावर उठायचा, आणि एकदा उठला तो थेट दिव्याच्या काचेला लागला. टोपीवाला पुन्हा मेला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "वेळेवर एक ठोसा घालायचा, त्यात काय एवढं?"

"मग घाल ना तू," दादा म्हणाले आणि त्यांनी रिमोट पुढे केला.

वहिनींनी तो घेतला, वजन करून बघितल्यासारखा. वायर हातभरच. तेव्हा त्यांना वन्संच्या कोपराला कोपर लावून उभं राहावं लागलं. दोघी सरळ समोर बघत होत्या. फुलवाला कुंडीकडे वळला. वन्संनी डाव्या हातानं त्याची गचांडी धरली, तो सुटू लागला, आणि वन्संच्या तोंडून निघून गेलं, "मारा वहिनी, मारा!"

वहिनींनी मारला. असा मारला की फुलवाला फुलांच्या बादल्यांसकट मागच्या भिंतीवर गेला. पट्टी एका दमात लाल झाली. दादांनी टाळ्या वाजवल्या आणि मग थांबवल्या, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्याला वगळून काहीतरी बोललं गेलंय हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्या दिवसापासून संध्याकाळी दोघी टोपीवाला होऊ लागल्या. त्यातही नियम आपोआप ठरला. खेळ चालू असेपर्यंत बोलायचं, बंद झाला की बंद. "डावीकडून या वहिनी, दारामागं आणखी एक दडलाय," "वन्सं, त्याचं डोकं खाली दाबा, मी वरून देते," "आता सोडा, मरेल बिचारा," असं गुण्यागोविंदानं चालायचं. टीव्ही बंद झाला की वहिनी म्हणायच्या, "अहो, त्यांना विचारा, पानं घ्यायची का?"

दोघींचे स्वभाव मात्र वेगवेगळे. वहिनींना निकालाची घाई. वन्संना दुकानदारांची दया यायची. सगळ्यात पंचाईत झाली ती लाँड्रीवाल्यापाशी. खेळातल्या त्या शहरातही एक लाँड्री होती आणि तिच्या मालकाकडून हप्ता घ्यायचा होता. आत पाऊल टाकल्याबरोबर वन्सं थबकल्या. दांडीवर शर्ट ओळीनं टांगलेले होते. "कडक आहेत हो," त्या हळूच म्हणाल्या. "कॉलर बघा."

"वन्सं, धरा त्याला!"

"मी नाही धरणार. लाँड्रीवाला आहे तो."

"अहो चित्रातला आहे!"

"चित्रातला असला म्हणून काय, सकाळी उठून पेटवावी लागतेच ना इस्त्री?"

वहिनींनी मग एकटीनंच उजवा हात चालवायला सुरुवात केली. वन्संना ते बघवेना. त्यांनी डावा हात पुढे केला आणि अलगद खालीवर केला. टोपीवाला लाँड्रीवाल्याचा खांदा थोपटू लागला. म्हणजे उजव्या हातानं दणका आणि डाव्या हातानं सांत्वन. पट्टी लाल व्हायची, उतरायची, पुन्हा चढायची. लाँड्रीवाला ओरडायचा, मग सावरायचा, मग गोंधळून टोपीवाल्याच्या तोंडाकडे बघायचा. खेळ बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही असा गुंड आला नसावा. शेवटी त्या माणसानं गुडघे टेकले आणि हप्ता तर कबूल केलाच, वर दुकानाच्या किल्ल्याही काढून दिल्या.

"हे सिनेमात नाही," दादा म्हणाले. "पण ह्या माणसाचं काय झालं असेल ते मला विचारा. माझ्यावर हेच चाललंय कधीचं."

त्यानंतर दोघींनी हीच रीत धरली. खाटीक, शिंपी, जुगाराच्या अड्ड्याचा मालक, कुणीही ह्या दणक्या-थोपटीपुढे टिकलं नाही. अख्खं बंदर टोपीवाल्याच्या मुठीत आलं.

खालच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणारे मास्तर राहायचे. त्यांच्या डोक्यावर रोज संध्याकाळी धप्‌धप्‌ व्हायचं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण एका संध्याकाळी विद्यार्थी गेल्यावर त्यांना शब्द स्पष्ट ऐकू आले.

"गळा धरा वन्सं, सोडू नका!"

"मेला का?"

"नाही अजून. पाय हलतायत."

"मग आणखी दाबा!"

मास्तरांना घाम फुटला. ह्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत हे इमारतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आज बोलत होत्या, आणि हे बोलत होत्या. त्यात दादा दोन दिवस जिन्यात दिसले नव्हते. मास्तरांनी दोन अधिक दोन केले आणि कोपऱ्यावरच्या चौकीतून हवालदाराला घेऊन आले.

दार वहिनींनी उघडलं. वायर हातभरच असल्यामुळे त्यांच्याबरोबर वन्संही दाराशी आल्या. हवालदारानं बघितलं, तर दोन घामाघूम बायका एकमेकींना वायरीनं जोडलेल्या, दोघींच्याही मुठी वळलेल्या.

"प्रेत कुठंय?" त्यानं विचारलं.

"कुठलं?" वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे? किती आहेत?"

"आज तसे सहा झाले," वहिनींनी खरं काय ते सांगितलं, "पण त्यातला एक आपणहून पाण्यात पडला. तो आमच्यात धरू नका."

मास्तर जिन्याचा कठडा धरून खाली बसले. तेवढ्यात आतल्या खोलीतून दादा आले. सर्दीनं बेजार, डोक्यापासून पांघरूण घेतलेले, आवाज बसलेला. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. दादांनी हवालदाराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पोलीस इतक्यात? सिनेमात पोलीस शेवटी येतात."

सगळा उलगडा व्हायला चहा लागला. हवालदार नोंद न करता जायला निघाला होता, पण पडद्यावर गोळीबार सुरू झाला आणि तो पुन्हा टेकला. खेळातला पोलीस गाडीच्या आड लपला होता, पण पाठ उघडी टाकून. "अरे मागे बघ, मागे!" हवालदार ओरडला. वहिनींनी त्या पोलिसाला मारलं. हवालदाराला ते लागलं. "त्याचं प्रशिक्षणच बरोबर नाही झालेलं," तो कितीतरी वेळ म्हणत होता.

मग दवाखान्यात दाखवायचा दिवस आला. व्यायामाच्या बाईंनी वन्संचा डावा हात धरला आणि दचकून सोडला. "हा काय पैलवानाचा खांदा झालाय!" त्या म्हणाल्या. मग त्यांनी उजवा धरला. उजवा होता तिथंच होता, कमरेच्या वर यायला तयार नाही. "तुम्ही व्यायाम कुठल्या हातानं केलात?"

वन्संनी तोंडावर हात घेतला. डावा.

खुनांच्या नादात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चांगला हात रोज कुस्ती करत होता आणि दुखरा आरामात लोंबत होता. भरीला भर म्हणजे त्याच आठवड्यात वहिनींचा उजवा खांदा ठणकू लागला. घरी येऊन वन्संनी ही बातमी दादांना सांगितली. दादांनी ती तीन पावलांवरच्या वहिनींना सांगितली. संध्याकाळी टीव्ही लागला तेव्हा वहिनींनी उजवा रिमोट वन्संच्या हातात ठेवला आणि नासपती स्वतः घेतली.

टोपीवाल्याचे हाल सुरू झाले. काल अख्खं बंदर ज्याला टरकत होतं तो आज वर्तमानपत्र विकणाऱ्याकडून मार खाऊ लागला. वन्संचा ठोसा निघायचा तो गुडघ्याच्या उंचीवर. मग पोटापर्यंत आला. मग एके दिवशी छातीपर्यंत पोचला, आणि वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं ते कळ आली म्हणून की आनंदानं हे त्यांनाच सांगता आलं नाही. मरत, उठत, मार खात त्या शेवटच्या प्रसंगाला पोचल्या.

म्हातारा टोळीवाला वारतो. त्याच्या खुर्चीत टोपीवाला बसतो. समोर काळ्या कोटातले सगळे गुंड टोप्या काढून उभे. आता त्यानं उजवा हात डोक्याच्या वर उचलायचा, म्हणजे सगळे माना झुकवणार आणि खेळ संपणार. पडद्यावर हाताचं चित्र आणि वर जाणारा बाण उमटला.

वन्संचा हात खांद्यापर्यंत गेला आणि अडला.

गुंड उभे राहिले. त्यांच्याजवळ दुसरा इलाजच नव्हता. तेच उदास संगीत फिरूनफिरून वाजत राहिलं. एक गुंड अधूनमधून खोकायचा, तो बरोबर त्याच सुरात खोकत राहिला. वहिनींनी नासपती खाली ठेवली, भाजी निवडली, चिरली, फोडणीला टाकली. गुंड उभेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी हवालदार ड्यूटी संपवून आला, आणि एवढे सगळे गुन्हेगार एका जागी निमूट उभे बघून त्याला फार बरं वाटलं.

"सिनेमात हे दोन मिनिटांत उरकतं," दादा म्हणाले. "अगं, तूच घे तो रिमोट आणि कर वर. सुटतील बिचारे."

"वहिनी, बरोबर आहे त्याचं," वन्संही म्हणाल्या. त्या थकल्या होत्या. "करा तुम्ही."

"मी नाही करणार," वहिनी म्हणाल्या. "तुमचा हात आहे. तुम्हीच वर करायचा. मी इथं उभी आहे." आणि त्यांनी वन्संच्या कोपराखाली आपला तळवा धरला. उचलला नाही, नुसता धरला. "हं. वर. अजून थोडा. ते कुठं पळून जात नाहीत."

असे कितीतरी दिवस गेले. तोवर दादांना ते संगीत झोपेतही ऐकू यायला लागलं. एका संध्याकाळी त्यांच्या सहनशक्तीचा अंत झाला. "पुरे झालं आता!" म्हणत ते ताडकन उठले आणि टीव्हीच्या मागचं बटण बंद करायला निघाले.

"दादा, थांब! हात लावशील तर बघ!" वन्सं कडाडल्या.

हे म्हणताना त्यांचा उजवा हात, रिमोटसकट, ताठ डोक्याच्या वर गेला होता.

पडद्यावरचे सगळे गुंड खाली झुकले. खोकणाराही झुकला. दादा बटणाशी वाकलेले होते, ते तसेच राहिले. वन्सं आपल्याच हाताकडे मान वर करून बघत होत्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "हा माझाच ना?"

"तुमचाच हो, वन्सं," वहिनी म्हणाल्या. त्यानंतर पडद्यावरून नावांची लांबलचक यादी सरकायला लागली. ती संपेपर्यंत दोघी हलल्या नाहीत, कारण ती संपली की टीव्ही बंद होणार होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी घर अगदी चिडीचूप होतं. दादांनी तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं. बऱ्याच वेळानं वहिनी कपाकडे बघत म्हणाल्या, "साखर हवी का?" कुणाला ते सांगितलं नाही. वन्सं म्हणाल्या, "अर्धा चमचा." त्यांनीही कुणाला ते सांगितलं नाही. पण साखर पडली.

वन्सं पुन्हा इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. शीळ वाजवणाऱ्या गड्याला त्यांनी कॉलर शिकवली. तो शीळ सोडेना, पण घड्या सुटल्या.

सुट्टीत भाची आली. घरात आई आणि आत्या बोलताहेत हे बघून ती हरखली आणि येताना आणलेली टेनिसची डिस्क तिनं लावून दिली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या. पंधरा मिनिटांत चेंडू रेषेच्या आत की बाहेर यावरून दोघींची अशी जुंपली की मास्तर खालून धावत आले, या वेळी हवालदाराशिवाय. चार दिवस पुन्हा अबोला. पाचव्या दिवशी दादांनी दोघींना बाहेर काढलं, पायांत चपला घालायला लावल्या आणि बाजारातल्या खेळांच्या दुकानापर्यंत पोचवलं. स्वतः पिशवी धरून पायरीवर उभे राहिले.

दुकानदार तरतरीत होता. त्यानं दोन पोक्त बायका बघून नाचाचा खेळ काढला, बागकामाचा काढला, केक करायचा काढला.

"हे नको," वहिनी म्हणाल्या. "यात प्रत्येकीनं आपापलं करायचं असतं."

"मग कसा हवा?"

वन्संनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली.

"दोघींनी मिळून एकाला मारायचं असतं," वन्सं काउंटरवर वाकून, शक्य तितक्या सभ्यपणे म्हणाल्या, "तसं काही असलं तर दाखवा. आणि बरोबरची वायर जरा आखूडच बघा."